थोरलीला एकदम मोठी करू नका

कराडच्या एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र समोर आहे. मुलगी एक वर्ष दहा महिन्यांची, आणि स्वतःला पाचवा महिना लागलेला. मुलगी अलीकडे किरकिरी झालीय, रात्री अजून अंगावर पिते. सासूबाई म्हणतात, पिणं आजच्या आज तोड. शेजारीण म्हणते, तिला उचलून घेऊ नकोस. बाळंतपणाला माहेरी जायचं तर हिला कुठे ठेवायचं, यावरून घरात दोन तट पडलेत. प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण मुळाशी काळजी एकच: ही एवढीशी पोर एकदम 'ताई' कशी होणार? अशी पत्रं वरचेवर येतात, म्हणून आजचं सबंध सदर याच विषयाला देते.

खरं सांगायचं तर, तिनं एकदम ताई व्हायची गरजच नाही. पाळणा काढून घ्यायचा, दूध तोडायचं, आईजवळची झोप बंद करायची, बालवाडीत घालायचं, शी-शूची शिस्त लावायची. आपण हे सगळं नेमकं नवव्या महिन्यात उरकायला काढतो. 'बाळ यायच्या आत एवढं झालं की सुटले' असं वाटतं. पोरीच्या बाजूनं बघा. महिनाभरात तिचं जे जे होतं ते ते गेलं, आणि त्या सगळ्याच्या जागी एक रडणारं गाठोडं आलं! म्हणून माझा हिशेब असा की, जो बदल करायचा तो बाळंतपणाच्या निदान दोन-तीन महिने आधी करा, नाहीतर सरळ बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत पुढे ढकला. पाळणा हवाच असेल तर सहाव्या-सातव्या महिन्यातच तिला खाली गादीवर निजवायला लागा आणि पाळणा माळ्यावर टाका. बाळ येईपर्यंत तो 'माझा' होता हे ती विसरून जाईल. शी-शूची शिस्त लागली असली तरी बाळ आल्यावर ती काही दिवस मोडतेच. त्यात रागवण्यासारखं काही नाही.

आता दुधाचं. 'पोटुशीचं दूध मुलाला बाधतं' ही समजूत घरोघर आहे, पण ती खरी नाही. दूध बाधत नाही आणि पोटातल्या बाळाच्या तोंडचा घासही पळत नाही, फक्त आईचं खाणंपिणं नीट हवं. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून दूध आपोआप कमी होतं, चवही बदलते, आणि पुष्कळ मुलं स्वतःहूनच सोडून देतात. मात्र पूर्वी गर्भपात झाला असेल, पहिलं मूल दिवस भरायच्या आत झालं असेल, या खेपेला अंगावरून जात असेल किंवा जुळं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नका. पाजताना गर्भाशय थोडं आकुंचन पावतं, त्याचं हे कारण.

तोडायचं ठरलंच तर ते कोरफड फासून, मिरची लावून किंवा पोरीला आठ दिवस आजीकडे धाडून नको. आई आणि दूध दोन्ही एका दिवसात गेलं, असं त्या जिवाला वाटतं. दिवसातली एक वेळ आधी कमी करा, आठवड्यानं दुसरी. रात्रीची शेवटी. आणि रात्री तिच्या शेजारी बाबांनी झोपायचं. दोन-तीन रात्री रडारड होईल, चौथ्या दिवशी ती बाबांच्या कुशीत झोपेल. पुरुषमंडळींना 'तिला माझ्याकडे झोप येत नाही' असं म्हणायची सवय असते. येते, तीन रात्रींनी येते.

पण दुधाच्या जागी काय देता, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९३५ साली सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टवरच्या, म्हणजे आजच्या घानामधल्या, मुलांच्या एका आजाराला 'क्वाशिओरकोर' हे तिथल्याच भाषेतलं नाव दिलं. पायाला सूज, केस भुरे, चेहरा मलूल. पाठचं मूल येताना थोरल्याला होणारं दुखणं, असा तिथले लोक त्या शब्दाचा अर्थ सांगत. दूध तुटे, आणि त्या जागी मक्याची पेज तेवढी येई. आपल्याकडे पेजेऐवजी चहा-बिस्कीट येतं! आई दमलेली, पोर भोकाड पसरलेली, मग बशीत चहा आणि त्यात बुडवलेली दोन बिस्किटं. पोट भरतं, अंगी काही लागत नाही, आणि चहामुळे जेवणातलं लोहही नीट शोषलं जात नाही. या वयाच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा खाऊ लागतो. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणि वर तूप, वरणात कुस्करलेली पोळी, दहीभात, नाचणीचं सत्त्व, चालत असेल तर उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचं बारीक कूट घातलेली भाजी. अख्खा दाणा मात्र देऊ नका, घशात अडकतो. वरचं दूध दिवसाला दोन कप पुरे. जास्त दिलं की जेवणाची भूक मरते.

आणि तुमचं स्वतःचं काय? पहिल्या खेपेला डोहाळजेवण झालं, ओटी भरली, कोणी पाण्याची बादली उचलू दिली नाही. दुसऱ्या खेपेला सगळे म्हणतात, 'तुला काय नवीन आहे!' नवीन नाही, पण काम दुप्पट आहे, आणि अंगातला लोहाचा साठा पहिल्या बाळंतपणात आणि पाजण्यात बराच खर्च झालेला आहे. दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर असावं असं डॉक्टर सांगतात ते याचसाठी. दिवस राहिलेले आहेत तर आता काळजी घ्यायची. हिमोग्लोबिन तपासून घ्या. अकराच्या खाली असेल तर ते कमीच. लोहाच्या गोळ्या १८० दिवस चुकवू नका, बाळंतपणानंतरही पुन्हा तेवढेच दिवस आहेत. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तासांच्या अंतरानं.

इथे एक गोष्ट ठसठशीत सांगते. त्या लाल, गुळगुळीत गोळ्या पोरांना हुबेहूब खाऊच्या गोळ्यांसारख्या दिसतात. लहान मुलानं मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं. उशाशी, फ्रीजवर, पर्समध्ये ठेवू नका. कुलुपाच्या कपाटात ठेवा आणि पोरीसमोर 'आईचा खाऊ' म्हणून गंमतीनंही घेऊ नका. चुकून खाल्ल्याच, तर उलटी होते का हे बघत बसू नका, पाकीट बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.

तुमचा रक्तगट निगेटिव्ह आणि यजमानांचा पॉझिटिव्ह असेल, तर पहिल्या बाळंतपणानंतर 'अँटी-डी'चं इंजेक्शन दिलं होतं का, हे जुने कागद काढून बघा आणि डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्या खेपेला ही बाब फार महत्त्वाची ठरते. पहिलं सिझेरियन असेल तर तेही आधीच सांगा.

मुलीचे सोळा ते चोवीस महिन्यांमधले डोस या धामधुमीत राहून जातात, त्यात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस असतो. गरोदर बाईनं स्वतः ही लस घ्यायची नसते हे खरं, पण घरातल्या मुलाला द्यायला काहीच हरकत नाही. उलट रुबेला घरात न येणं तुमच्याच पोटातल्या बाळाच्या हिताचं.

उचलून घेण्याबद्दल: प्रकृती ठीक असेल आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल, तर दिवसातून दोन-चारदा उचललंत म्हणून काही बिघडत नाही. कमरेत वाकून मात्र नको. गुडघ्यात बसा, तिला छातीशी धरा आणि पायांच्या जोरावर उठा. त्याहून सोपं म्हणजे तुम्ही खुर्चीवर बसा आणि तिला चढून येऊ द्या. पोट वाढलं की मांडी आखूड होते, पण ती शेजारी रेलून बसली तरी चालतं. 'बाळाला लागेल, दूर हो' हे वाक्य तेवढं तोंडातून काढू नका. अजून न आलेल्या भावंडाशी वैर तिथून सुरू होतं.

बोलण्याचा विषय निघालाच आहे तर आल्यागेल्यांचं सांगते. 'आता तुझे लाड संपले हं!', 'बाळ आलं की तुला बुवा नेणार!' ही थट्टा मोठ्यांची होते, रात्री दचकून उठते ती पोर. तिसरी थट्टा मला सगळ्यांत खुपते. मुलीच्या हनुवटीला धरून, 'पाठीवर भाऊ आण हं, चिमे!' दोन वर्षांच्या मुलीला भाऊबहिणीतलं अंतर कळत नाही, पण आपण पुरलो नाही हे तिला वर्षं जातील तसं नेमकं कळतं. अशा वेळी आईनं तिथल्या तिथे, हसून का होईना, 'आम्हाला बाळ हवंय, काय यायचं ते येऊ दे' असं म्हणावं. सासूबाई समोर असतील तर जरूर म्हणावं.

तिला बाळाबद्दल केव्हा सांगायचं? या वयाला महिने कळत नाहीत. पोट दिसायला लागलं की सांगा, आणि महिन्यांऐवजी 'गणपती येऊन गेले की' असं काहीतरी सांगा. 'बाळ तुझ्याशी खेळेल' असं सांगू नका, कारण ते खेळत नाही. ते झोपतं, रडतं आणि पितं. हेच खरं सांगितलंत तर तिची फसगत होणार नाही. तिची तान्हेपणीची छायाचित्रं दाखवा, 'तूही अशीच होतीस' म्हणा.

माहेर की सासर, या वादात मी मुलीच्या बाजूची. जिथे तिची दिनचर्या कमीत कमी मोडेल तिथे बाळंतपण करावं. माहेरी जायचंच असेल तर तिला बरोबर घेऊन, आठवा महिना भरायच्या आत जा, म्हणजे आजी, ते घर, तिथली मोरीसुद्धा तिच्या ओळखीची होते. जुन्या तपासण्यांची फाईल न्या आणि तिकडच्या दवाखान्यात आधी नाव घाला. 'हिला इथेच राहू दे, तू जाऊन ये' हे दोन महिन्यांसाठी मला बिलकूल पसंत नाही. त्यापेक्षा आईला तुमच्याकडे बोलवा. पंधरा दिवस आई आणि पुढचे पंधरा सासूबाई, अशी वाटणी करून बाळंतपणं झालेली मी पाहिली आहेत. नोकरी असेल तर दुसऱ्या बाळालाही कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि त्यातले आठ आठवडेपर्यंत आधी घेता येतात. थोडे आधी घ्याच.

दुसऱ्या खेपेला कळा बहुधा भरभर येतात. पहिल्या वेळी दिवसभर लागला म्हणून या वेळी भांडी आवरून निघू म्हणाल तर रस्त्यातच व्हायचं! तेव्हा लवकर निघा. १०८ चा नंबर भिंतीवर लिहून ठेवा. आणि रात्री दोन वाजता निघायची वेळ आली तर पोरीजवळ कोण थांबणार, हे माणूस आतापासून नक्की करा. शेजारच्या काकू असतील तर सातव्या महिन्यापासून दुपारी तासभर तिला त्यांच्याकडे बसायची सवय लावा. निघताना ती जागी असेल तर चोरून निघू नका. 'आई दवाखान्यात जाते, बाबा सकाळी येऊन तुला घेऊन येतील' एवढं सांगून जा.

दवाखान्यात ती भेटायला येईल तेव्हा बाळ पाळण्यात किंवा आजीच्या मांडीवर असू द्या, तुमचे हात मोकळे हवेत. घरी येतानाही बाळ दुसऱ्या कोणी घ्यावं. पहिलं दूध, ते चिकाचं, मात्र नव्या बाळाचंच. थोरली अजून पीत असेल तर आधी धाकट्याला पाजून मग तिला घ्या.

बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडीची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. घरात रांगतं-धावतं मूल असताना निखाऱ्यांची शेगडी नकोच. पोर भाजण्याची भीती आहेच, आणि दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाचा धूर आई-बाळाच्याही जिवाला घातक असतो. शेकायचं तर गरम पाण्याच्या पिशवीनं शेका, आणि पिशवी पोरीच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. डिंकाचे लाडू केलेत तर एक छोटा लाडू थोरलीसाठी वळा. 'हा बाळंतिणीचा, तुझा नाही' हे ऐकायला लागू नये. बारशाला येणाऱ्यांपैकी जवळच्या दोघी-तिघींना आधीच सांगून ठेवा, की आल्याआल्या पाळण्याकडे धावू नका, आधी थोरलीशी बोला. घुगऱ्या वाटायला तिच्या हातात वाटी द्या. निम्म्या सांडतील, सांडू द्यात.

कराडच्या भगिनीनं शेवटी विचारलंय की, थोरलीची जुनी झबली धाकट्याला वापरावीत का. वापरा की! जुनं मऊ कापड तान्ह्याला उत्तम. तिचा जीव असलेलं एखादं दुपटं असेल तर ते तेवढं तिच्याकडेच राहू द्या. झबल्यांचे बंद, दुपटी किती लागतात आणि पावसाळ्यात ती वाळवायची कशी, हे पुढच्या आठवड्यात.