विश्लेषण : मॅट्रिक्सचा गुणाकार हाताने का शिकायचा?

प्रश्नाचा फोटो काढला की मोबाइलमधील ॲप मॅट्रिक्सचा गुणाकार करून देते, घातही काढून देते. मग अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी वहीची पाने का भरायची? वाशीमसारख्या जिल्ह्यातील मुलांच्या दृष्टीने या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे आहे.

अडचण कुठे आहे?

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला दहावीत ‘निश्चयक’ आणि क्रेमरची पद्धत भेटते. अकरावी विज्ञानात तोच निश्चयक ‘डिटर्मिनंट’ होतो आणि सोबत ‘मॅट्रिक्स’ येते. विषय नवा, भाषाही नवी. पुढे एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. त्यामुळे शिकवणी वर्गांत भर असतो तो ‘ट्रिक’वर. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला, पण शिकवणीसाठी अनेक मुले आजही अकोला किंवा लातूर गाठतात. ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्या हाती कनिष्ठ महाविद्यालयाचा वर्ग आणि मोबाइल एवढेच उरते. गुणाकारामागचा अर्थ समजावून सांगणारे मात्र फार थोडे.

गुणाकाराची रीत अशी का?

आडवी ओळ उभ्या स्तंभाशी गुणायची, हा नियम पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतो. बाजार समितीचा हिशेब घेतला की तो सरळ होतो. समजा, एका शेतकऱ्याकडे १० क्विंटल सोयाबीन आणि ४ क्विंटल तूर आहे. ही झाली ओळ : १०, ४. समजा, वाशीमला सोयाबीन ४,५०० आणि तूर ७,००० रुपये क्विंटल आहे, तर कारंजाला ४,६०० आणि ६,८००. हे झाले दोन स्तंभ. आता सोयाबीनचे क्विंटल सोयाबीनच्या भावाशी, तुरीचे तुरीच्या भावाशी गुणून बेरीज केली, की वाशीमचे ७३,००० आणि कारंजाचे ७३,२०० रुपये येतात. सोयाबीनच्या क्विंटलला तुरीचा भाव लावून चालत नाही, हे कुणाला शिकवावे लागत नाही. नियम तेवढेच सांगतो. येथे क्रम उलटा केला तर गुणाकार होतच नाही, तेही याच कारणाने.

आणि घात?

समजा, थेट एसटी दोनच मार्गांवर आहे : वाशीम–मंगरूळपीर आणि मंगरूळपीर–कारंजा, दोन्ही दिशांनी. थेट गाडी असेल तिथे १, नसेल तिथे ० लिहिले की वाशीम, मंगरूळपीर, कारंजा या क्रमाने तीन ओळी मिळतात : ०, १, ०, १, ०, १, ०, १, ०. या मॅट्रिक्सला ‘अ’ म्हणू. वाशीम–कारंजाच्या जागी शून्य आहे, कारण थेट गाडी नाही. ‘अ’चा वर्ग केला की तिथे १ येतो. दोन गाड्यांनी जाण्याचा मार्ग एकच आहे, मंगरूळपीरला गाडी बदलून. तिसरा घात तीन गाड्यांचे मार्ग मोजतो, दहावा घात दहा गाड्यांचे.

हाताने केल्याने काय मिळते?

तीन बाय तीनच्या एका गुणाकाराला २७ गुणाकार आणि १८ बेरजा लागतात. दहावा घात एकेक पायरीने काढला तर २४३ गुणाकार होतात. वर्ग, वर्गाचा वर्ग असे चढत गेले तर चार टप्प्यांत, १०८ गुणाकारांत काम भागते. संख्यांच्या घातासाठी ही युक्ती आपल्याकडे पिंगलाच्या छंदःशास्त्रापासून आहे. पण वहीत तिसरा घात काढणाऱ्याला त्याहून मोठी गोष्ट दिसते : तो ‘अ’च्या बरोबर दुप्पट आहे. म्हणून नववा घात ‘अ’च्या १६ पट आणि दहावा घात ‘अ’च्या वर्गाच्या १६ पट. बाकीचे गुणाकार करायची गरजच नाही. ॲप नुसते अंतिम उत्तर देते, तेव्हा वाटेतला हा ठेका नजरेतून सुटतो.

वेळ कुठून आणायचा?

अभ्यासक्रम मोठा आणि तासिका कमी, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. म्हणून पन्नास उदाहरणे घोटण्याचा आग्रह चुकीचाच ठरेल. दोन बाय दोनची पाच-सहा आणि तीन बाय तीनची दोन उदाहरणे पूर्ण मांडावीत, वर्ग आणि तिसरा घात काढावा, मग थांबून काही ठेका दिसतो का ते पाहावे. ‘ओळ’ आणि ‘स्तंभ’ हे शब्द इंग्रजी शब्दांबरोबर फळ्यावर राहू द्यावेत. ताळा पाहण्यासाठी त्यानंतर ॲप खुशाल उघडावे.

ट्रिक पाठ केलेल्या विद्यार्थ्याचे प्रश्नाचे रूप बदलले की अडते. परीक्षेपलीकडेही हा पाया लागतो. आज गाजणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणांचे बहुतेक गणित मॅट्रिक्सच्या गुणाकारांचेच आहे. ते काम यंत्रच करणार. पण यंत्राला कोणता गुणाकार सांगायचा आणि आलेल्या आकड्याचा अर्थ काय, हे ज्याला कळते त्याची गरज राहणार. ती समज मिळवायला रिसोड किंवा मानोऱ्याच्या मुलाला गाव सोडावे लागू नये. त्यासाठी कनिष्ठ महाविद्यालयातील चार तासिका आणि एक वही पुरेशी आहे.