गाडी रात्री कुठे उभी राहते, ते आधी सांगा

मंडळी, आज जरा स्पष्ट बोलणार आहे, राग मानू नका.

इथे इंग्लंडमध्ये आपल्यापैकी कुणी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हटलं की चहूबाजूंनी एकच सल्ला येतो. "घ्यायचीच तर मोठ्या बॅटरीची घ्या, नंतर पस्तावाल." गाडी रोज किती मैल चालते हे कुणी विचारत नाही. रात्री ती ड्राइव्हवेवर उभी राहते, रस्त्यावर की फ्लॅटच्या पार्किंगमध्ये, हेही नाही. मी पेशाने सीए आहे. माझ्यासमोर कुणी असा खर्च मंजुरीला आणला असता तर फाइल तशीच परत पाठवली असती.

आधी एक साधी गोष्ट. बॅटरीचा आकार किलोवॅट-अवरमध्ये सांगतात. घाबरू नका, ते म्हणजे आपल्या लाइट बिलातलं 'युनिट'च. एका युनिटवर मध्यम आकाराची गाडी साधारण साडेतीन मैल जाते, कडक थंडीत मोटरवेवर पावणेतीन धरा.

आता हिशेब. वर्षाला ७,५०० मैल म्हणजे सुमारे २,१४० युनिट. रात्रीच्या स्वस्त टॅरिफवर घरी ८ पेन्सने चार्ज केलं तर वर्षाचे १७१ पौंड. त्याच घरी साध्या टॅरिफवर २७ पेन्सने ५७८. आणि सगळं चार्जिंग मोटरवेवरच्या फास्ट चार्जरवर ७९ पेन्सने केलं तर जवळजवळ १,७००. तुमचे दर थोडे इकडेतिकडे असतील, पण प्रमाण हेच राहील. त्यात घरच्या विजेवर व्हॅट ५ टक्के आणि सार्वजनिक चार्जरवर साधारणपणे २० टक्के. म्हणजे तीच गाडी, तेच मैल, आणि फरक दीड हजार पौंडांचा, तोही दर वर्षी. ह्या फरकात बॅटरी लहान की मोठी, ह्याचा काडीचाही संबंध नाही. प्लग कुठे आहे आणि तो कधी लावता, एवढाच संबंध आहे.

मग मोठ्या बॅटरीने मिळतं काय? एमजी ४ चं उदाहरण घ्या. ती इथे ५१, ६४ आणि ७७ युनिटच्या बॅटरीत विकली गेली. कंपनीच्या आकड्यांनुसार ५१ ला जास्तीत जास्त २१८ मैल, ७७ ला ३२३. हिवाळ्यात मोटरवेवर ह्यातला तिसरा हिस्सा सरळ वजा करा. ५१ वाल्या गाडीला तरीही १४० च्या आसपास उरतात. शाळा, ऑफिस, स्विमिंग, शनिवारचा मराठी वर्ग मिळून दिवसाला २५ मैल होत असतील तर लागतात फक्त ७ युनिट. सात किलोवॅटच्या घरच्या चार्जरवर हे तासाभराचं काम. मिल्टन कीन्सहून डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जाऊन-येऊन शंभर मैलांच्या आत होतात. तेही रस्त्यात न थांबता जमतं.

राहता राहिल्या त्या लांबच्या फेऱ्या. लेक डिस्ट्रिक्ट, स्कॉटलंड, वर्षातून तीन-चार वेळा. लहान बॅटरीला एक-दोन थांबे जास्त लागतील. एका थांब्यावर ३५ युनिट घेतले तर २८ पौंड, म्हणजे वर्षाकाठी शंभर-दोनशे. त्यासाठी आधी चार-पाच हजार पौंड जास्त मोजायचे? ते पैसे मुलीच्या ज्युनियर आयसामध्ये टाका, नाहीतर दोन वेळा सगळ्यांची पुण्याची तिकिटं काढा. शिवाय मोठ्या बॅटरीने गाडीची लिस्ट प्राइस वाढते. ती महागड्या गाड्यांच्या मर्यादेवर गेली की पाच वर्षं दरसाल चारशेहून जास्त पौंड जादा वाहनकर. तुम्ही डिस्काउंट मिळवलात तरी कर लिस्ट प्राइसवरूनच ठरतो. सॅलरी सॅक्रिफाइसवाल्यांनो, तुमचा टॅक्सही गाडीच्या किमतीवरच लागतो, आणि त्याची टक्केवारी दर वर्षी चढतेय. २०२५-२६ ला ३, २०२६-२७ ला ४, त्यापुढच्या वर्षी ५.

"पण मुलं मागे बसलेली, रात्रीची वेळ, आणि एम६ वर बॅटरी संपली तर?" ही भीती मला समजते. विकणाऱ्यालाही ती चांगलीच समजते, म्हणूनच तो तुमच्या रोजच्या पंचवीस मैलांबद्दल एक शब्द काढत नाही. आईबापाची भीती विकायला फार सोपी असते. ह्या भीतीवर औषध नियोजनाचं आहे. वीस टक्के उरलेले असताना थांबायचं, आणि पुढचा एक पर्यायी चार्जर आधीच बघून ठेवायचा. दोन तासांनी मुलांना थांबायचं असतंच.

आता दुसरी बाजू. ज्यांच्याकडे ड्राइव्हवे नाही, त्यांच्यासाठी हे गणित उलटं होतं. आठवड्यातून एकदाच ऑफिसात किंवा सुपरमार्केटला चार्जिंग मिळत असेल तर मोठी बॅटरी खरंच उपयोगी, कारण ती अख्खा आठवडा पुरवायची आहे. आणि तेवढंही मिळत नसेल, फास्ट चार्जरशिवाय मार्गच नसेल, तर थांबा. सध्या हायब्रिड चालवलीत तर कुणी तुम्हाला मागासलेलं म्हणणार नाही. त्यात एप्रिल २०२८ पासून इलेक्ट्रिक गाडीला मैलामागे ३ पेन्सचा कर जाहीर झालाय. ७,५०० मैलांना ते २२५ पौंड. घरी चार्ज करणाऱ्याला पेलतील, बाहेर करणाऱ्याला टोचतील.

सवयींबद्दलही दोन शब्द, कारण लहान बॅटरी नीट सांभाळली तर खूप वर्षं साथ देते. मोबाइलसारखं रोज रात्री शंभर टक्के करू नका. आधी बॅटरी कोणत्या जातीची आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. एनएमसी असेल तर रोज ८० टक्के पुरे, शंभर फक्त प्रवासाच्या आदल्या रात्री. एलएफपी असेल तर बहुतेक कंपन्या आठवड्यातून एकदा शंभर करायलाच सांगतात, म्हणजे गाडीला उरलेल्या चार्जचा अंदाज नीट येतो. फास्ट चार्जरवर ८० नंतर वेग मंदावतो, तिथे ताटकळत बसू नका. थंडीत निघण्यापूर्वी प्लग लावलेला असतानाच गाडी गरम करा. आणि चार आठवडे भारतात जाताना गाडी फुल चार्ज करून ठेवू नका, पन्नासच्या आसपास ठेवा आणि तिचे पहारा देणारे कॅमेरे बंद करा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. इथे आधी पाय मोजा, मग अंथरूण घ्या. शोरूमला जाण्यापूर्वी कागदावर तीन आकडे लिहा: रोजचे मैल, वर्षातल्या दोनशे मैलांवरच्या फेऱ्या, आणि जिथे चार्ज करणार तिथला युनिटचा दर. गाडी रात्री कुठे उभी राहते तेही लिहा. हे सगळं खाली टाकलंत तर आपण मिळून हिशेब करू. फक्त "मोठी घ्या" एवढंच सांगायचं असेल, तर सोबत फरकाचे पाच हजारही पाठवा.