दऱ्यांचा दर्या होतो तेव्हा

१/ पहिल्या श्रीवर्धनकर पेशव्याचे, बाळाजी विश्वनाथांचे गाव श्रीवर्धन. डोळ्यांना या नावात चार अक्षरे दिसतात: श्री, व, र्ध, न. युनिकोडमध्ये मात्र ती नऊ चिन्हे आहेत. हलन्त आणि वेलांटीही तेथे स्वतंत्र मोजली जाते. मराठी मजकुराची पुष्कळ हानी या चार आणि नवाच्या अंतरात झाली आहे.

२/ १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक सुधारित रूपात आले. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरीही मराठी मुद्रणात पुढे दीर्घकाळ प्रत्येक फॉन्टचा संकेत निराळाच राहिला. फॉन्ट हरवला की मजकूर निरर्थक.

३/ असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना प्रोग्रॅमर 'हे शोधा, तेथे ते घाला' अशी जंत्री करतो. परंतु 'वर्धन'मधला रफार जुन्या फॉन्टांत सहसा 'ध'नंतर साठवलेला असे; युनिकोडमध्ये त्याचा 'र' आधी येतो. ऱ्हस्व वेलांटीचे नेमके उलट. म्हणजे चिन्हाबरोबर त्याची जागाही बदलावी लागते.

४/ क्रमही महत्त्वाचा. आधी 'क'चा 'ख' केला आणि मग 'ख'चा 'ग', तर सगळे 'क'ही 'ग' होऊन बसतात. असे बदल एकाच फेरीत करावे लागतात.

५/ सर्वांत घातक चूक मात्र दिसतच नाही. 'दऱ्या' हा शब्द 'ऱ' या चिन्हाने लिहिता येतो, तसाच 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. 'सफाई' म्हणून अदृश्य चिन्हे पुसली, की सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. दोन्ही शब्द शुद्ध. त्यामुळे शुद्धलेखन तपासनीसही गप्प राहतो.

६/ हाच प्रश्न पेशवे दफ्तराच्या मोडी कागदांपुढे उभा आहे. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. पण मोडी लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसे. देवनागरीत तो कोठे घालावा, हे जंत्री ठरवू शकत नाही. त्यासाठी जाणकार वाचकच हवा.

७/ म्हणून चिन्हबदल हे यांत्रिक काम नव्हे, ते संपादन आहे. दोन चिन्हांचे एक केले, की त्या एकावरून मूळ दोन परत मिळत नाहीत. पायथॉन आणि जावा या भाषांत 'रिप्लेस' मूळ स्ट्रिंगला हात लावत नाही, नवी स्ट्रिंग देते. ग्रंथालयांनी आणि प्रकाशकांनीही हीच शिस्त पाळावी: मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि बदलांची जंत्री, तिन्ही जपावीत. मूळ हाताशी असेल तरच उद्याच्या अभ्यासकाला आजची चूक सापडेल.