मतदार नसलेली वस्ती

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे तो पोर्तुगीजांनी बांधावयास घेतला, १७३७च्या साष्टीच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, १७७४ साली इंग्रजांनी तो जिंकला आणि पुढे त्याच तटबंदीत आपला तुरुंग थाटला. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तेथेच फाशी दिले गेले, आणि त्यांच्या स्मृतीला हार घालण्यात आमची पुढारी मंडळी कसूर करीत नाहीत. परंतु त्याच तटाच्या आत आज जे जिवंत बंदी कोंबले गेले आहेत त्यांची विचारपूस करावयास यांपैकी कोणी आत गेल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. या कारागृहाची अधिकृत क्षमता १,१०५, कल्याणच्या आधारवाडीची ५४०. दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष संख्या तिप्पट-चौपट झाल्याच्या बातम्या येतात आणि दुसऱ्या दिवशी विस्मृतीत जातात.

याचे कारण पुढाऱ्यांच्या निष्ठुरतेत शोधण्यापेक्षा १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२(५)मध्ये शोधावे हे बरे. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवाद वगळता, जो इसम तुरुंगात किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याला मतदान करता येत नाही, मग त्याचा गुन्हा शाबीत झालेला असो वा नसो. (गंमत अशी की, कच्च्या कैद्याला निवडणूक मात्र लढवता येते, स्वतःचे मत स्वतःला देण्याची तेवढी त्याला मनाई!) नळाला पाणी आले नाही तर प्रभागातील चाळ नगरसेवकाच्या दारात उभी राहते, बराकीतल्या नळाला पाणी आले नाही तर कोणाचीही जागा धोक्यात येत नाही.

तरीही स्थानिक राजकारणातून वर आलेली काही माणसे या अंधारात शिरली, हे नमूद केले पाहिजे. प्रमिला दंडवते १९६८ ते १९७३ या काळात मुंबई महापालिकेच्या सभासद होत्या. आणीबाणीत त्यांनी येरवड्यात सुमारे दीड वर्ष काढले, १९८० साली त्या लोकसभेत गेल्या आणि हुंडाबंदीचा दात नसलेला कायदा कडक व्हावा म्हणून त्यांनी खाजगी विधेयक मांडले. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या मुलीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणातील निकालाने स्त्रियांच्या संघटना पेटून उठल्या होत्या, तो हाच काळ. १९८३ साली फौजदारी कायद्यात ताब्यातील बलात्कारासंबंधी ज्या सुधारणा झाल्या, त्यांच्यामागे या चळवळीचा रेटा होता. गोरेगावच्या ग्रामपंचायतीपासून सुरुवात केलेल्या मृणाल गोरे यांनीही आणीबाणीत अकोल्याच्या तुरुंगातील कोठडी भोगली. पण अशी माणसे थोडी. १९७७ नंतर सत्तेवर आलेल्यांत तुरुंगाचे अन्न खाल्लेले इतके लोक होते की, कारागृहांचा कायापालट त्यांच्याच हातून व्हावयास हवा होता. तो झाला नाही. महाराष्ट्रापुरते सांगावयाचे तर आणीबाणीतील बंद्यांना २०१८ साली मानधन मंजूर झाले, मध्यंतरी ते बंद पडले आणि २०२२ साली पुन्हा सुरू झाले. १८९४चा तुरुंग कायदा मात्र दशकानुदशके तसाच राहिला. मुंबईतील कोठड्यांमधील स्त्रियांच्या संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली जे निर्देश दिले, ते शीला बर्से या पत्रकार स्त्रीच्या पत्रावरून. कोणा आमदाराच्या प्रश्नावरून नव्हे.

आता प्रत्यक्ष व्यवहार पाहा. घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या मनोऱ्याच्या बांधकामावर राबणारा, मराठवाड्यातून किंवा परप्रांतातून आलेला मजूर किरकोळ चोरीच्या आरोपाखाली धरला गेला, असे समजा. न्यायालय पंधरा हजारांचा जामीन मंजूर करते. येथवर न्याय झाला. मग जामीनदार उभा करावयाचा, त्याचे रेशनकार्ड, राहत्या जागेचा पुरावा, पगाराचा किंवा तहसील कचेरीतील ऐपतीचा दाखला रुजू करावयाचा. ठेकेदाराचा मुकादम ओळख दाखवीत नाही, गावाहून भाऊ आला तर त्याचा सातबारा दुसऱ्या जिल्ह्यातला निघतो. १९७८ सालीच मोतीराम खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, एका गवंड्याचा भाऊ परजिल्ह्यातला म्हणून त्याची जामिनकी नाकारणाऱ्या मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाचा खरपूस समाचार घेतला होता. २०२२च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील दर चार बंद्यांपैकी तीन असे न्यायाधीन होते. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते की, जन्मठेप वा फाशीचे गुन्हे सोडून, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला मुचलक्यावर सोडावे आणि त्यासाठी अर्ज अधीक्षकाने स्वतः करावा. एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असले की ही सवलत संपते. आणि अर्ज झाला की नाही, हे बाहेरून पाहणारा कोणी नसतो.

पाहणारा असावा, अशी योजना कायद्यात आहे. कारागृहांना भेट देणारे अशासकीय अभ्यागत नेमण्याची तरतूद जुनीच आहे, आणि त्या पदांवर माजी नगरसेवकांना बसवावे असे माझे म्हणणे आहे. त्यांचा तुटवडा नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२०मध्ये आणि ठाण्याची मार्च २०२२मध्ये संपली. जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकांचा अंमल होता, तेव्हा माजिवड्यापासून डोंबिवलीपर्यंत शुभेच्छांच्या फलकांवर माजी नगरसेवकांखेरीज दुसरे कोणी दिसत नव्हते, आणि त्यांपैकी पुष्कळजण अद्याप माजीच आहेत. कोणता दाखला कोणत्या मेजावर अडतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. ज्याला पुन्हा तिकीट मिळण्याची आशा उरलेली नाही, त्याला मते नसलेल्या माणसासाठी खेटे घालण्यात तोटाही नाही.

यावर आक्षेप येईल की, आमच्या काही लोकप्रतिनिधींचा कारागृहाशी परिचय वेगळ्याच नात्याने झालेला आहे आणि अभ्यागताच्या खिशातून टोळ्यांचे निरोप आत-बाहेर होतील. आक्षेप रास्त आहे. म्हणून नेमणूक पालकमंत्र्यांच्या शिफारशीने होऊ नये. जिल्हा न्यायाधीशांनी अर्ज मागवून, ज्याच्यावर खटला प्रलंबित आहे त्याला वगळून ती करावी, आणि प्रत्येक भेटीचा लेखी शेरा न्यायाधीन बंद्यांचा आढावा घेणाऱ्या समितीपुढे जावा. गरीब बंद्यांसाठी केंद्राने २०२३ साली योजना काढली. तीत जामिनासाठीची रक्कम जिल्ह्याची अधिकारप्राप्त समिती मंजूर करू शकते. त्या मजुराच्या पंधरा हजारांचा अर्ज तेथे पोहोचवावयाचा तर कचेरीची वहिवाट जाणणारा आणि साहेबाच्या दालनाबाहेर ताटकळत बसण्याची लाज न वाटणारा माणूस हवा; असे निदान पन्नास तरी या दोन शहरांत मोकळे बसलेले आहेत.