जुनी पिकअप घ्या, पण धूर पाहून घ्या



गळीत हंगाम आटोपला, उसाची बिले खात्यावर पडू लागली, की वारंगा फाट्यावर एक विषय हमखास निघतो. "एखादी चांगली जुनी पिकअप बघा हो आमच्यासाठी!" मागणी रास्तच आहे. ऊस ट्रक-ट्रॅक्टरने कारखान्यावर जातो; पण हळद वसमतच्या बाजारात, भाजीपाला नांदेडला, खताची पोती, ठिबकच्या नळ्या, आजारी जनावर दवाखान्यात, या कामांना ट्रक मोठा पडतो आणि मोटारसायकल पुरत नाही. नांदेड, हिंगोली आणि हदगाव-उमरखेड असे तिन्हीकडचे रस्ते आपल्या फाट्यावर मिळतात. अशा ठिकाणी सव्वा-दीड टन माल नेणारी गाडी दारात असणे ही चैन नव्हे. नवी गाडी सगळ्यांना झेपत नाही, म्हणून जुनी घेण्यात कमीपणा मुळीच नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु बैल घेताना आपण दात पाहतो, चाल पाहतो, औताला जुंपून पाहतो. आणि गाडी घेताना मात्र रंग, टायर आणि टेपरेकॉर्डर पाहून इसार देऊन मोकळे होतो! जुन्या गाडीचे खरे वय तिच्या धुरात आणि कागदात असते. म्हणून धुराचे नियम आधी नीट समजून घेऊ.

आपल्या देशात चारचाकी गाड्यांच्या धुराला टप्प्याटप्प्याने लगाम घालण्यात आला. 'भारत स्टेज' म्हणजे बीएस, हे त्या टप्प्यांचे नाव. आपल्या भागात बीएस-३ चा टप्पा २०१० साली आला. बीएस-४ हा मोठ्या शहरांत २०१० पासून असला तरी सर्व देशाला १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि बीएस-६ हा १ एप्रिल २०२० पासून. पाचवा टप्पा सरकारने गाळलाच. नवा टप्पा आला म्हणून आधी नोंदलेली गाडी बाद होत नाही. ज्या टप्प्याची गाडी, त्या टप्प्याचे माप तिला लावतात. धुराच्या दाटपणाचे हे माप बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला २.४५ पर्यंत, बीएस-४ ला १.६२ पर्यंत आणि बीएस-६ ला ०.७ पर्यंत चालते. म्हणजे जुन्या गाडीला सवलत आहे, पण मोकळे रान नाही.

फाट्यावर आणखी एक बोलणे कानावर येते, की "दहा वर्षांची डिझेल गाडी सरकार जमा करतं." हा दिल्लीचा नियम. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली राजधानीच्या परिसरापुरता तो आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो उचलून धरला, आणि पुढे त्यात फेरबदलही झाले. हिंगोली जिल्ह्याला तो लागू नाही. आपल्याकडे वयापेक्षा गाडीची तंदुरुस्ती पाहतात. उलट, दिल्लीकडची स्वस्त गाडी कोणी गळ्यात मारू पाहत असेल, तर तिकडचे ना-हरकत पत्र, इकडचा कर आणि नवी नोंदणी यांचा हिशेब आधी मांडावा. नाहीतर घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत व्हायची!

मग कोणती घ्यावी? बीएस-३ ची पिकअप स्वस्त मिळते. तिच्यातील बहुतेक पंप साधे, यांत्रिक; तालुक्याचा मिस्त्रीही ते उघडून बसवतो. पण ही गाडी आता बरीच उतारवयाची. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षे दोन-दोन वर्षांनी पासिंग असते, त्यानंतर ते दरवर्षी करावे लागते, आणि पंधरा वर्षांवरच्या गाडीची पासिंग फी २०२२ पासून बरीच वाढवली आहे. घेताना वाचलेले पैसे तिथे जातात. बीएस-६ ची जुनी गाडी धुराला सर्वांत स्वच्छ, यात वाद नाही. परंतु तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळाली तरच ती काजळी जळते. शेत ते घर आणि घर ते फाटा एवढ्याच फेऱ्या असतील तर जाळी तुंबते आणि खर्च अंगावर येतो. म्हणून मध्यम पट्ट्यातील सभासदाने २०१७ ते २०२० मधील, एकाच मालकाने वापरलेली बीएस-४ गाडी आधी शोधावी, असे आम्हास वाटते. तिच्या इंजिनात सेन्सर असतात, हे खरे. पण त्याचे जाणकार आता नांदेड-हिंगोलीस मिळतात.

इथे एक मेख आहे. "सतराचं मॉडेल आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नये. मार्च २०१७ पर्यंत नोंदलेली गाडी बीएस-३ असू शकते. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ गाड्यांच्या विक्रीस बंदी केली आणि शेवटच्या दोन दिवसांत अशा कितीतरी गाड्या सवलतीत खपल्या. २०२० च्या गाडीचेही तेच. ती चार असेल किंवा सहा. म्हणून आरसी बुकावर टप्पा कोणता लिहिला आहे तो आपल्या डोळ्यांनी वाचावा.

गाडी पाहायला सकाळी, इंजिन थंड असताना जावे, आणि आधी गरम करून ठेवू नका म्हणून मालकास निरोप द्यावा. चालू करताच धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही: एअर फिल्टर चोंदला असेल, नोझल खराब असतील किंवा पंपाची जुळणी चुकली असेल. हा खर्च आवाक्यातला असतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे. तिथे इंजिन कामाला आले, असे समजावे. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जात असण्याचा संभव. चालू इंजिनावर ऑईलचे झाकण उघडावे. आतून भसाभसा वाफारा आला तर हात जोडून परत फिरावे. मग हौद्याखाली वाकून चेसिसला जोड दिला आहे का, पाटे वाढवले आहेत का, ते पाहावे. वाढवलेले पाटे म्हणजे गाडीने जन्मभर जादा वजन ओढले, याची साक्षच.

कागदांचेही तसेच. बँकेचा बोजा उतरला आहे का, पासिंग, विमा आणि कर कधीपर्यंत आहे, जुने दंड बाकी आहेत का, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. पोराला सांगितले तर तो पाच मिनिटांत मोबाईलवर काढून देईल. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीलाही उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते. गाडीचे मालासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. वर असेल तर लागते. आणि व्यवहार झाल्यावर "नाव नंतर करू" हे नको. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवायचे असते. उद्या अपघात झाला तर कागदावरचा मालकच कोर्टात उभा राहतो, बरं का!

आता मुख्य मुद्दा, पीयूसीचा. बीएस-४ आणि पुढच्या गाडीला हे प्रमाणपत्र वर्षाचे मिळते, त्याआधीच्या गाडीला सहा महिन्यांचे. मोटार वाहन कायद्याच्या १९०(२) कलमात धुराच्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितले आहे. पण आमचे म्हणणे दंडाच्या भीतीपुरते नाही. नळी सायलेन्सरला न लावता कागद मिळवणारे लोक आहेत आणि त्यात हुशारी मानणारेही आहेत. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की काळा धूर म्हणजे आपण पैसे मोजून घेतलेले आणि न जळता गेलेले डिझेल. खरी तपासणी करून घेणाऱ्याला आपल्या इंजिनाचा आजार थोड्या पैशांत कळतो. कागद विकत घेणाऱ्याला तो घाटात, मालासकट कळतो.

आणि हा धूर जातो कोणाच्या छातीत? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक म्हणून जाहीर केला. हंगामात गव्हाणीपुढे वाहनांची रांग लागते, इंजिने तासन् तास चालू असतात, आणि तिथेच ऊसतोड मजुरांची लेकरे खेळत असतात. फाट्यावरचा चहावाला दिवसभर तोच धूर गिळतो. ऊस आपला, गाडी आपली, तर धुराची जबाबदारी दुसऱ्याची कशी म्हणता येईल?

यास्तव आमची दोन सूचना आहेत. हंगाम सुरू होण्यापूर्वी दोन दिवस कारखान्याच्या आवारात धूर तपासणीचे शिबिर भरवावे. सभासदांच्या पिकअप आणि ऊस वाहतुकीचे ट्रक तिथे खऱ्या यंत्रावर तपासले जावेत. आणि जुनी गाडी घेणाऱ्या सभासदाला इसार देण्यापूर्वी ती गाडी कारखान्याच्या वाहन विभागातील जाणत्या मिस्त्रीकडून पाहून घेता यावी. संचालक मंडळाला यात फार खर्च नाही. सभासदांनी वार्षिक सभेत हा विषय मांडावा, आणि तोवर एवढे तरी करावे: इसाराची नोट खिशातून काढण्याआधी गाडीच्या मागे जाऊन उभे राहावे.