‘पर्यंत’ या शब्दाची किंमत

आमच्या घरीं लहानथोर मिळून नऊ माणसें. पूर्वीं अशा घरांत भांडणाचे विषय दोन: सकाळचें पाणी आणि वर्तमानपत्राचें मधलें पान. आतां त्यांच्या जोडीला इंटरनेट आलें आहे. रात्रीचे आठ वाजले कीं माडीवरून हाक येते, “कोण वापरतें आहे?” आणि खालून सगळे एका सुरांत “मी नाहीं!” म्हणून मोकळे होतात.

गतवर्षीं एका कंपनीचा मनुष्य दारीं आला. शंभर मेगाबिटांपर्यंत वेग, अमर्याद वापर आणि वर्षाचे पैसे एकदम भरल्यास दोन महिने फुकट! कोथिंबिरीच्या जुडीसाठीं पाव तास घासाघीस करणाऱ्या आमच्या दादांनीं पांच मिनिटांत होकार दिला. पावती आली तेव्हां तीवर शेंकडा १८ प्रमाणें कर आणि यंत्राची अनामत, हे दोन्ही आंकडे नव्यानेंच भेटले. पण खरी मेख त्या ‘पर्यंत’ शब्दांत होती. “नाशिकापर्यंत पोहोंचवितों” म्हणणाऱ्या गाडीवानानें इगतपुरीस उतरविलें तर आपण भाडें देणार नाहीं. परंतु ‘शंभरपर्यंत’ देणारा दहावर थांबला तरी आपला शब्द मोडला असें त्यास वाटत नाहीं.

मापाचाहि एक घोटाळा आहे. आपण चित्रें, पुस्तकें साठवितों तीं बाइटांत मोजतों. वेग विकला जातो बिटांत. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे शंभर मेगाबिट हे सेकंदास साडेबारा मेगाबाइटच. तूप शेरावर मोजून घ्यावें आणि आंकडा छटाकांचा सांगावा, तसें हें आहे. ‘अमर्याद’ची गोष्ट तशीच. ठराविक वापर संपला कीं वेग घसरतो. ती मर्यादा बारीक अक्षरांत असते. सरकारी व्याख्येप्रमाणें २००४ सालीं २५६ किलोबिट वेगास ‘ब्रॉडबँड’ म्हणत. २०२३ सालीं ती अट २ मेगाबिटांवर नेली. घसरलेला वेग त्याहूनहि खालीं गेला, तर आपण विकत घेतलें तरी काय?

न्यायाच्या दृष्टीनें एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दोष नेहमीं कंपनीचाच असतो असें नाहीं. आमचें यंत्र देवघराच्या कोनाड्यांत, दीड फुटी दगडी भिंतीआड विराजमान होतें! वायर थेट संगणकास लावून वेग मोजावा. तेथें तो पुरा भरला तर दोष भिंतीचा. रात्रीं आठ वाजतां मात्र तोहि भरेना. आळींतल्या अनेक घरांस मिळून मुख्य वाहिनी एकच असते. सर्वांनीं एका वेळीं नळ सोडला कीं वरच्या मजल्यास थेंब थेंब मिळावें, तशी गत होते.

इतकेंहि आम्ही सोसलें असतें. पण श्रावणांत तार चार दिवस बंद पडली. दूरध्वनीवर दर वेळीं नवा आवाज आणि नवी सबब. दुसऱ्या दिवशीं ‘आपली तक्रार दूर करण्यांत आली आहे’ असा संदेश आला, तार मेलेलीच! तिसऱ्या दिवशीं धाकट्या पुतणीची शिष्यवृत्तीसाठीं मुलाखत होती. बिचारी शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरांत, कुकरच्या शिट्यांत बसली. तिची निवड झाली नाहीं. त्यास कारण तीच तार असें मी म्हणत नाहीं. पण तें पोरीच्या मनांतून जात नाहीं, आणि वर्षाचे पैसे आधींच भरलेले असल्यामुळें आम्हांस दुसरें दार ठोठावतांहि येईना.

त्या रात्रीं दादांनीं नियम शोधून काढले. २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीस क्रमांक मिळाला पाहिजे, आणि निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनामूल्य दाद मागतां येते. दूरसंचार नियामक प्राधिकरण व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करीत नाहीं. तेथें अर्ज करून वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. ग्राहक न्यायालयाचें दार मात्र उघडें आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं स्पष्ट केलें. आम्हीं अपील केलें. सर्व क्रमांक वहिनींनीं दूध-धोब्याच्या खाड्यांशेजारीं कालनिर्णयावर टिपून ठेवले होते, तेच कामीं आले. मुदत चार दिवसांनीं वाढवून मिळाली. पुतणी म्हणाली, “माझा तिसरा दिवस त्यांत धरला आहे ना?” कोणीच उत्तर दिलें नाहीं.

गेल्या आठवड्यांत तोच मनुष्य नूतनीकरणासाठीं आला. दादांनीं चहा दिला, आणि पावतीवर ‘पर्यंत’ खोडून ‘किमान’ लिहून मागितलें. “साहेबांना विचारून येतों,” म्हणून तो गेला तो अजून आलेला नाहीं. आम्हीं तूर्त दुसरीकडे एका महिन्याचेच पैसे भरले आहेत. यंत्र देवघरांतून माजघरांत आलें आहे, आणि त्याच्या शेजारची खुर्ची पुतणीनें आपल्यासाठीं राखून ठेवली आहे.