मीटरची मुदत 15 दिवस, पण अर्जाची पोच कुठे?

पालीसारख्या गावात घर बांधून होतं, मीटरसाठी मात्र चकरा सुरू होतात. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. नव्या जोडणीची कमाल मुदत ग्रामीण भागात 30 वरून 15 दिवसांवर आली. महानगरांत 3, नगरपालिका हद्दीत 7 दिवस. वीज कायदा 2003 च्या कलम 43 नुसार उशिरासाठी कंपनीला रोज 1000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पण मुदत पूर्ण भरलेल्या अर्जापासून मोजतात. खांब-तारा नव्याने टाकायच्या असतील तर जास्त वेळ मिळतो. तोंडी मागणीला तारीखच नसते, मग उशीर सिद्ध कसा करणार? म्हणून आम्ही सांगतो, अर्जाची पोच घ्या, जपून ठेवा. मुदत उलटली तर लेखी तक्रार करा, पुढे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहेच. वैतागून आकडा टाकला, तर हक्काची बाजू असूनही गुन्हेगार आपणच ठरतो.